सोंडेतल्या दोन वाटा

"ताई, जरा श्वास धरा. काचेवर वाफ येते," काका म्हणाले.

मी श्वास धरला. सूक्ष्मदर्शकाखाली मिठाच्या पाण्याचा एक थेंब होता आणि त्या थेंबात डासाची एक मादी आडवी पडली होती. काकांनी दोन बारीक सुया घेतल्या. एकीनं तिची छाती दाबून धरली, दुसरीनं डोकं हळूच मागे ओढलं. ओढता ओढता मानेतून काहीतरी सरकत बाहेर आलं. काचेसारखं नितळ, ओल्या रेशमासारखं. दोन झुपके, आणि प्रत्येक झुपक्याला तीन बोटं. दोन्ही झुपक्यांच्या नळ्या पुढे एकत्र येऊन डोक्यात शिरलेल्या.

"ह्या लाळेच्या ग्रंथी," काका म्हणाले. "सगळा खेळ इथं संपते. अन् इथूनच सुरू होते."

इतका वेळ धरलेला श्वास माझा तिथंच सुटला, आणि काच खरंच धुरकट झाली.

त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, भाजीवाल्या मावशींना सांगितलं. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक मी पुन्हा उघडलं नव्हतं, आणि डासाबद्दल माझी एकच ठाम समजूत होती: डास म्हणजे उडती सुई. आजारी माणसाला टोचते, रक्त लागलेलं टोक घेऊन उडते, दुसऱ्याला टोचते, झाला आजार. आपल्यातल्या बहुतेकांची हीच समजूत असावी. ती इतकी चुकीची आहे, आणि खरी गोष्ट तिच्यापेक्षा इतकी अद्भुत आहे, की ती कुणी आजवर सांगितली कशी नाही याचंच मला नवल वाटतं.

मी मामाकडे गेले होते, भंडारा जिल्ह्यात. सप्टेंबरचे दिवस. रोवणी होऊन दीड महिना झालेला, बांध्या पाण्यानं डबडबलेल्या, आणि धान असं हिरवं की संध्याकाळच्या उजेडात त्याच्याकडे पाहवत नाही. शेजारच्या घरातली आठ वर्षांची मुलगी रोज मामीकडे यायची. उजवा हात कोपरात वाकवून अंगाशी धरलेला, आणि बोलायला लागली की प्रत्येक शब्दाआधी थांबायची. मामी म्हणाली, "मागच्या वर्षी मेंदूज्वर झाला तिले. जपानी म्हणतात तो. चार दिवस शुद्ध नव्हती." मग आवाज उतरवून म्हणाली, "डास चावला म्हणे. एवढासा डास!"

ते "एवढासा" माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामाच्या गोठ्यात एक गृहस्थ आले. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या नळ्या आणि कापूस. हिवताप विभागात कीटक समाहारक म्हणून नोकरी केलेले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, पण सवय सुटलेली नाही. त्यांनी एक वाकडी नळी तोंडात धरली, तिचं दुसरं टोक गोठ्याच्या भिंतीवर बसलेल्या डासावर टेकवलं आणि किंचित श्वास ओढला. डास नळीत. मधे बारीक जाळी असते, त्यामुळे तो तोंडात जात नाही. बघता बघता दहा-बारा डास जमा झाले. मी म्हटलं, काका, मला शिकवाल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून ते तीस वर्षं थांबले होते.

तासाभरात मला दोन डास वेगळे ओळखता येऊ लागले! हिवतापाचा ॲनाफिलीस बसतो तो मागचा भाग वर करून, भिंतीत ठोकलेल्या तिरक्या खिळ्यासारखा. क्यूलेक्स बसतो भिंतीला समांतर, अंग चोरून. मेंदूज्वराचा मुख्य डास हा क्यूलेक्सच. लहान, गडद तपकिरी, आणि भिंगातून पाहिलं तर सोंडेच्या मध्यावर फिकट रंगाचं एक कडं. त्याचं नाव क्यूलेक्स ट्रायटिनिओरिंकस. मी ते पाठच केलं. अर्थ लावला तर तीन पट्ट्यांच्या सोंडेचा. आणि याच्या जवळच्या भाईबंदांतल्या एकाचं शास्त्रीय नाव काय असावं? क्यूलेक्स विष्णूई. हा सगळा गोतावळाच विष्णूई गट म्हणून ओळखला जातो. धानाच्या साचलेल्या पाण्यावर याची अंडी तराफ्यासारखी तरंगतात, शंभर-दोनशे एकमेकांना चिकटून उभी, आणि आठ-दहा दिवसांत त्या पाण्यातून पंख फुटलेला डास बाहेर पडतो.

मग काकांनी टॉर्चवर लाल कापड गुंडाळलं, म्हणजे डास बुजत नाही म्हणाले, आणि मला गायीच्या कासेजवळ बसवलं. कासेवर केस कमी, तिथं दिसतं चांगलं. भिंग हातात. एक मादी उतरली. रक्त पितात त्या फक्त माद्या, अंडी पिकवायला. नर फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. तिनं सोंड टेकवली आणि मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. सोंड आत गेलीच नाही! सोंड धनुष्यासारखी मागे वाकली. कारण आपण जिला सोंड म्हणतो ती नुसती म्यान आहे. आत सहा शस्त्रं असतात, केसाहून बारीक. दोन करवतीसारखी दातेरी, कातडी कापत आत सरकणारी. दोन चिरणारी. एक नळी रक्त वर ओढायची. आणि एक वेगळी, स्वतंत्र नळी, लाळ खाली सोडायची.

दोन वाटा! एक वर येणारी, एक खाली जाणारी. वर येणाऱ्या वाटेनं रक्त पोटात जातं. खाली जाणाऱ्या वाटेनं लाळ आपल्या अंगात जाते, रक्त गोठू नये म्हणून, शीर आकसू नये म्हणून. नंतर जी खाज सुटते ती या लाळेचीच. बघता बघता मादीचं राखाडी पोट फुगलं, लाल झालं, टॉर्चच्या उजेडात आतून पेटल्यासारखं दिसू लागलं.

आता प्रश्न असा: मेंदूज्वराचा विषाणू रक्तातून आला, म्हणजे तो वरच्या वाटेनं पोटात गेला. माणसात जायचं तर त्याला खालच्या वाटेनं जावं लागणार. मधे काय होतं?

मधे एक अख्खा प्रवास होतो, आणि माझं वेड लागणं तिथून सुरू झालं.

रक्त डासाच्या जठरात पोचतं आणि पचायला लागतं. दोन-तीन दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. एवढ्या मुदतीत विषाणूला जठराच्या भिंतीतल्या एखाद्या पेशीला चिकटून आत घुसावं लागतं. नाही घुसला तर रक्ताबरोबर तोही पचून गेला. एड्सचा विषाणू डासामधून का पसरत नाही, हे मी लहानपणापासून विचारत आले होते आणि "नाही पसरत" एवढंच उत्तर मिळत होतं. खरं उत्तर हे: डासाच्या पेशींची कुलुपं त्याला उघडत नाहीत, म्हणून तो डासाच्या पोटात मरतो. मेंदूज्वराच्या विषाणूकडे मात्र पक्ष्याच्या, डुकराच्या, माणसाच्या आणि डासाच्याही पेशीत शिरण्याची किल्ली आहे. आणि हा केवढा? एका मिलिमीटरमध्ये असे वीस हजार रांगेत मावतील. त्याचा सगळा मजकूर सुमारे अकरा हजार अक्षरांचा, एकाच धाग्यावर लिहिलेला. तेवढ्यावर त्याचं चार प्रकारच्या जिवांत भागतं!

पेशीत शिरला की तिथं त्याच्या प्रती निघू लागतात. डास गप्प बसत नाही. त्याच्या पेशी विषाणूच्या धाग्याचे तुकडे तुकडे करतात, तशी यंत्रणाच त्यांच्यात आहे. कितीतरी डासांत विषाणू जठराच्या भिंतीतच अडकतो, पलीकडे निघत नाही. निघाला, तर मात्र पुढे मोकळं रान. डासाला आपल्यासारख्या शिरा-धमन्या नसतात. त्याच्या अंगाच्या पोकळीत द्रव नुसता हिंदकळत असतो. विषाणू त्या द्रवात पोहत सगळ्या अंगभर जातो आणि शेवटी त्या तीन-तीन बोटांच्या नितळ ग्रंथींपाशी पोचतो. तिथं पुन्हा भिंत. तीही ओलांडली की मग तो लाळेत उतरतो.

या सगळ्याला साधारण आठ ते चौदा दिवस लागतात. हवा उबदार असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? माझ्या आला तेव्हा मी गोठ्यात उभी राहून मोठ्यांदा "अरे देवा!" म्हटलं, गाय दचकली. एक तर, आज विषाणू प्यायलेला डास उद्या कुणाला आजार देऊ शकत नाही. आणि दुसरं, तरणाताठा डास बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. धोका असतो तो वयस्क मादीचा. जी एकदा रक्त प्यायली, अंडी घालून आली, पुन्हा प्यायली, पुन्हा घालून आली, आणि वाऱ्यापावसातून, पाली-कोळ्यांतून, चतुरांच्या तावडीतून निभावून एवढे दिवस जगली. हजारातल्या फार थोड्या. पण ती एकदा विषाणूवाली झाली की मरेपर्यंत विषाणूवालीच, आणि विशेष म्हणजे तिला स्वतःला त्याचं फारसं काही होत नाही.

काकांकडे एक जुनं जाड पुस्तक आहे, पानं पिवळी पडलेली. त्यात रोनाल्ड रॉस भेटले. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुढची गोष्ट! पोटात आहे हे कळलं, तरी माणसात जातं कसं? त्यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांना वाटे की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं ताप येतो. रॉस 1898 मध्ये कलकत्त्याला होते, आणि तिथं त्यांनी माणसं सोडून पक्षी घेतले, पक्ष्यांचा हिवताप. क्यूलेक्स डास पक्ष्यांना चाववले, दिवसामागून दिवस डास फाडून पाहिले, आणि परजीवी पोटातून निघून कुठे जातो त्याचा माग काढत काढत ते लाळेच्या ग्रंथीपाशी येऊन थांबले. तो परजीवी होता, हा विषाणू आहे, पण वाट तीच. ज्या थेंबात मी डोकावले तशाच एका थेंबात डोकावून त्या माणसाला हे उमगलं होतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता विषाणू मुळात येतो कुठून? मला वाटलं होतं, आजारी माणसाकडून. नाही!

मामाच्या गावाबाहेर मामा तलाव आहे. मालगुजारीच्या काळातले, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून त्यांना इकडे मामा तलाव म्हणतात. त्याच्या काठच्या बाभळींवर संध्याकाळी बगळे उतरतात. गायबगळे, छोटे बगळे, वंचक, आणि अंधार पडताना उलट दिशेनं उडत निघणारे रातबगळे. त्यांच्या विणीच्या वसाहतीला मराठीत सारंगागार असा सुरेख शब्द आहे. शेकडो घरटी, घरट्यांत उघडीवाघडी पिल्लं, आणि खाली धानाचं पाणी. 1952 ते 1957 या काळात विल्यम शेरर आणि एडवर्ड ब्यूशर यांनी टोकियोच्या परिसरात हेच पाहिलं. रातबगळे, बगळे, डुकरं आणि भातशेतीतले डास यांच्यामधून हा विषाणू फिरत राहतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. बगळा आजारी दिसत नाही, पण काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. डुकराच्या रक्तात तर फारच. एका डुकरावर शेकडो डास पिऊन जातात, आणि डुकरांना दरवर्षी नवी पिल्लं, ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली नाही. म्हणून गावाशेजारी डुकरं आणि धान एकत्र आले की विषाणू बगळ्यांच्या जगातून माणसांच्या दारात येतो.

आणि गाय? हा डास सर्वांत जास्त चावतो तो गायीगुरांना. पण गायीच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही. डासानं गायीवर वाया घालवलेला प्रत्येक घोट म्हणजे विषाणूची एक चुकलेली गाडी. मी त्या रात्री मामाच्या गायीच्या गळ्याला किती वेळ खाजवत बसले होते, सांगता येत नाही.

माणूसही तसाच. आपल्या रक्तात हा विषाणू इतका थोडा आणि इतका थोडा वेळ असतो, की आपल्याला चावलेल्या डासाला तो उचलता येत नाही. डेंगीत रुग्णाकडून डास विषाणू घेतो, इथं नाही. विषाणूच्या दृष्टीनं माणूस म्हणजे बंद गल्ली. तो आपल्या मागावर नाहीच. त्याचं घर बगळ्यात आणि डासात. आपण त्याच्या वाटेत आडवे येतो.

हे कळलं त्या संध्याकाळी मी शेजारच्या घरी गेले. त्या मुलीच्या आईनं सांगितलं की शाळेत पोरं तिच्याजवळ बसत नाहीत, त्यांच्या आयांनी सांगितलंय, मेंदूज्वर लागेल. मी तिथंच ओसरीवर बसून, हाती खडू घेऊन, फरशीवर बगळा, डुक्कर, डास आणि मुलगी काढली, बाण काढले, आणि मुलीपासून एकही बाण बाहेर काढला नाही. तिच्यापासून कुणाला काही होऊ शकत नाही. हात धरा, एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा. आई बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मुलगी डाव्या हातानं बगळ्याला डोळा काढत होती.

तिच्या बाबतीत काय झालं असेल? लाळेबरोबर विषाणू कातडीत उतरला, तिथल्या पहारेकरी पेशींत शिरला, त्यांच्याबरोबर जवळच्या लसीका ग्रंथींत गेला, तिथून रक्तात. बहुतेक माणसांत गोष्ट इथंच संपते. ज्यांना लागण होते त्यांतल्या शंभरातल्या एकालासुद्धा धडपणे आजार होत नाही, काहींना थोडा ताप, बहुतेकांना पत्ताही नाही. पण सुमारे अडीचशेत एकाच्या बाबतीत तो मेंदूत पोचतो. मग ताप, डोकेदुखी, उलट्या, झटके, बेशुद्धी. अशांपैकी दहातले तीनपर्यंत दगावतात, आणि जे वाचतात त्यांतल्या अनेकांच्या हातापायात, बोलण्यात, शिकण्यात कायमचा दोष राहतो. या विषाणूवर नेमकं औषध नाही; झटके थांबवायचे, श्वास चालू ठेवायचा, मेंदूची सूज सांभाळायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती. म्हणून लस! आपल्याकडे या आजाराच्या जिल्ह्यांत बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत तिचा डोस मिळतो. भारतात तयार झालेली लस तर कोलारच्या रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूपासून बनली आहे.

नाव जपानी का? 1871 पासून जपानमध्ये त्याच्या नोंदी आहेत, 1924 च्या उन्हाळ्यात सहा हजारांवर लोक आजारी पडले, आणि 1935 मध्ये टोकियोत एका मृताच्या मेंदूतून विषाणू हाती लागला. आपल्याकडे 1955 मध्ये वेल्लोरला ओळख पटली, 1973 मध्ये बंगालच्या बांकुरा-बर्दवानला मोठी साथ आली, 1982 मध्ये गोव्यात, आणि 2005 मध्ये गोरखपूरच्या बाजूला हजारावर जीव गेले, बहुतेक मुलं. सगळे धानाचे, तलावांचे, पाणथळीचे मुलूख. नागपूरजवळच्या चांदीपुराच्या नावाचा मेंदूज्वराचा विषाणूही याच भागातला, 1965 मध्ये सापडलेला, पण तो डासाचा नाही, वाळूमाशीचा. तिची गोष्ट काका पुढच्या खेपेला सांगणार आहेत.

मामाला मी म्हटलं, बांधीतलं पाणी मधेमधे काढून तीन-चार दिवस सुकू दिलं तर अळ्या मरतात, आणि धानही चांगलं येतं म्हणतात. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाणी आपल्या मर्जीनं थोडी येते. तलावाची पाळी आठ दिवसांनी. आज काढलं अन् पाळी चुकली तर?" मला उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मामा आणि काका बांधावर उभे राहून कितीतरी वेळ बोलत होते, आणि घराजवळच्या एका बांधीत तरी करून पाहू, असं ठरवून आले.

निघायच्या आदल्या रात्री मी छपरीत झोपले होते. मामीनं मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून दिली. तलावाकडून रातबगळ्याचा तो फाटक्या आवाजातला क्वाक् ऐकू आला. जाळीच्या बाहेर, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, एक मादी येऊन बसली. अंग जाळीला समांतर. मी उशाखालचा टॉर्च काढला, रुमाल गुंडाळला, भिंग डोळ्याला लावलं. सोंडेच्या मध्यावर फिकट कडं. पोट रिकामं, चपटं, भुकेलेलं. पंखांच्या कडा झिजलेल्या, एका मागच्या पायाचं टोक तुटलेलं. खूप उडलेली, खूप निभावलेली मादी होती ती. मी तिच्याकडे बघत राहिले, ती जाळीच्या भोकांमधून सोंड घालायची जागा शोधत राहिली.